मेणकिड्यांसाठी राहुरी

"किडे आणायला राहुरीला कोण जातं?" पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचे सर हसत म्हणाले.

"मी जाते," म्हटलं, आणि दुसऱ्याच सकाळी शिवाजीनगरहून लाल डब्यात बसले.

माझ्या आईचा डावा डोळा काळ्या बुरशीनं गेला. तेव्हापासून मी बुरशीवरच्या औषधांमागे लागले आहे. उंदरांपर्यंत जाण्याआधी औषध मेणकिड्याच्या, म्हणजे मधमाश्यांचं पोळं खाणाऱ्या पतंगाच्या अळीवर तपासता येतं. आपल्या अंगाइतक्या उष्णतेत ती जगते, बुरशी टोचली की तिच्या रक्तातल्या पेशी बऱ्याचशा आपल्यासारख्याच लढतात, आणि हरायला लागली की ती काळी पडते. सरांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे.

नगरपर्यंत रस्ता झकास. स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, कान गरम झाले. पुढे राहुरीपर्यंत मात्र खड्डेच खड्डे. जाणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका.

राहुरीपासून शेअर जीपनं मधमाश्या पाळणाऱ्या शमीमभाभींच्या मळ्यात पोचले. डाळिंबाच्या बागेत त्यांच्या मधपेट्या. एका पेटीतलं पोळं अळ्यांनी पोखरून जाळ्यांनी भरून टाकलं होतं.

"फोनवर बोलली ती तूच व्हय? आज जाळनारच हुते मी हे."

"जाळू नका, मला द्या."

"लोक मध न्येत्यात, तू कीड न्येती!" भाभी हसल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी, वर कच्चा कांदा. मग पोळ्याचे तुकडे आम्ही दोघींनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरले.

परतीच्या बसमध्ये एका खड्ड्यात डबा आपटला आणि झाकण उडालं. अळ्या सीटखाली पसरल्या.

"ओ कंडक्टर, उतरवा हिला!" पुढचा माणूस ओरडला. घंटी वाजली, गाडी थांबली.

"मॅडम, उतरा खाली."

"नाही उतरणार. या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. यांच्यावर बुरशीचं औषध तपासायचंय. गोळा करते, मग निघा."

सगळी बस बघत होती. मी गुडघ्यांवर बसून एकेक उचलू लागले. शेजारच्या बाईंनी लुगडं आवरलं आणि बोट दाखवलं, "ती बघ, तिकडं पळाली."

कंडक्टरनं कपाळाला हात लावला. "आटपा लवकर!"

पुढच्या आठवड्यात प्रयोग झाला. नुसती बुरशी टोचलेल्या अळ्या काळ्या पडल्या. औषध मिळालेल्यांपैकी बऱ्याचशा पांढऱ्याच राहिल्या, वळवळत होत्या. "अळी म्हणजे माणूस नव्हे," सर म्हणाले.

"नव्हेच. म्हणून तर आधी तिच्यावर."

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांना दुखत असेल का गं?"

"माहीत नाही, आई."

"मग उगाच एकही मारू नकोस."

ते वाक्य मनातून जात नाही. म्हणूनच सर 'आता पुरे' म्हणाले तरी मी थांबत नाही. काम अर्ध्यावर टाकलं, तर मेलेल्या सगळ्याच उगाच मेल्या.