प्यूजोची उजवी वाटी

सिंदी रेल्वे नावाच्या आमच्या गावात, आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, की तो हरिदासजींच्या घरी चहाला जायचा आणि कपाळाला टेंगूळ घेऊन परत यायचा. त्यांच्या समोरच्या खोलीत आढ्याला तीन सायकली टांगलेल्या होत्या, चौथी भिंतीशी उभी असायची, आणि चारही फ्रान्सच्या. लोक घरात पंखा लावतात, फार तर झुंबर लावतात. या गृहस्थाने पायडलं लावली होती. मी त्यांचा शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. माझ्या कपाळावर जी खूण आहे ती जितान नावाच्या सायकलची. ती मी कौतुकाने दाखवत नाही.

हरिदासजी वर्ध्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. उभं आयुष्य पोरांना कानस कशी धरावी आणि लोखंडाला आटे, म्हणजे स्क्रूला असतात तसे पीळ, कसे पाडावेत हे शिकवण्यात गेलं. त्यामुळे प्रत्येक गोष्ट फिरवायची एक बरोबर बाजू असते आणि ती आपल्याला ठाऊक असते, अशी त्यांची ठाम समजूत. आमच्याकडे तोटी गळते म्हणून बोलवावं, तर आधी आट्यांवर व्याख्यान होतं, मग तोटी दुरुस्त होते. ती पुन्हा गळत नाही, हेही सांगायला हवं.

हे वेड त्यांना पवनारला लागलं. नोकरी नवीन होती तेव्हा धाम नदीच्या पुलावर त्यांना एक फ्रेंच तरुण सायकल ढकलत येताना दिसला. तो पार त्याच्या देशातून, मिळेल त्या रस्त्याने, आश्रमात राहायला आला होता आणि ऐन दारात मागच्या चाकाचा एक्सल तुटला होता. हरिदासजींनी लेथवर नवा एक्सल करून दिला. त्याला मराठी येत नव्हती, यांना फ्रेंच येत नव्हती. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटून काम भागवलं. काही महिन्यांनी तो विमानाने घरी गेला आणि सायकल यांच्या अंगणात ठेवून गेला. ती पहिली, मोटोबेकान कंपनीची. व्यसन कसलंही असो, एकावर थांबत नाही. पुढे पुदुच्चेरीच्या एका भंगारवाल्याचा पत्ता लागला, आणि आणखी एक मोटोबेकान, ती माझी वैरीण जितान, आणि अखेरीस प्यूजो, अशा एकेक सायकली गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सलने आल्या.

गोणपाट सोडलं की आत गंज आणि कोळिष्टकं असत. मग हरिदासजी महिनोन्महिने त्या सांगाड्याच्या मागे लागत. जुना रंग खरवडायचा नाही, वरून नवा फासायचा नाही. गंज राखेने हळूहळू उतरवायचा. बाजारात न मिळणारा स्क्रू स्वतः पाडायचा. मूळ रंगाचा टवका उडाला तर माणूस जेवायचा नाही. एवढं करून जे तयार होई त्याला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, आणि टायर बोटाएवढे. आमचे शेतकरी शेजारी नत्थूजी पहिली मोटोबेकान पाहून कळवळून म्हणाले होते, "सर, सायकल चांगली हाय. पण हिले कपडे काऊन नाई घातले?"

पण ती धावायची, हे मात्र खरं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हरिदासजी यांतल्या एका सायकलवर बुटीबोरीमार्गे नागपूरला, दीक्षाभूमीवर जातात. पंचफुलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, रेल्वेने जातात आणि यांच्या आधी पोचून डबा उघडून बसतात.

पंचफुलाबाई अंगणवाडी सेविका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायकांसाठी शिवणाचा वर्ग सुरू केला. मशीन समोरच्या खोलीत, वर सायकली. बाया वाकून यायच्या, वाकून जायच्या. एका बाईची वेणी मोटोबेकानच्या साखळीत अडकली आणि तिला सोडवायला हरिदासजींनी पकड काढली, त्या दिवशी त्या घरात स्फोट झाला. मी मध्यस्थी करायला गेलो होतो. खरं तर ऐकायला गेलो होतो.

"बायांचे ब्लाउज का तुमच्या हँडलवर कापू?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "एक तं सायकली राह्यतीन या खोलीत, नाई तं माही मशीन."

"थोडी कळ काढ. ही प्यूजो झाली का बस."

"मागच्या वक्तीबी हेच म्हनत होते तुमी."

हरिदासजींचा पारा चढला. ते उभे राहिले, सवयीने डोकं वाचवलं आणि म्हणाले, "यंदा दीक्षाभूमीले मी या प्यूजोवर जातो. नाई गेलो, तं चारही सायकली भंगारात. माहा शब्द हाय!"

"मास्तर, आयकलं ना?" पंचफुलाबाई माझ्याकडे वळल्या. "साक्षीदार आहा तुमी."

हरिदासजी शब्दाचे पक्के. कुणाला वेळ दिली तर पाच मिनिटं आधी दारात हजर. त्यामुळे शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांचाच चेहरा जरा उतरला, तो मी पाहिला. दिवस थोडे होते, पण प्यूजो जवळपास तयार होती. पांढरा रंग, पुढे सिंहाचा बिल्ला, चाकं सरळ, ब्रेक नीट. राहिली होती फक्त एक वाटी.

सायकलची पायडलं जिथे फिरतात, तिथे फ्रेमच्या पोटात दोन्ही बाजूंनी एकेक लोखंडी वाटी आट्यांवर पिळून बसवलेली असते, आणि आत छर्रे असतात. आपल्या देशी सायकलीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. बरणीचं झाकण उघडायला आपण ज्या बाजूला फिरवतो, त्याच्या विरुद्ध फिरवलं की ही वाटी निघते. हे ज्याला ठाऊक तो मिस्त्री, ज्याला ठाऊक नाही ते गिऱ्हाईक. दोन्ही मोटोबेकानच्या उजव्या वाट्या उलट्याच निघाल्या होत्या, आणि जितानची काढायची वेळच आली नव्हती. प्यूजोच्या वाटीत मात्र गंज होता. ती काढून साफ केल्याशिवाय पायडल फिरणार नव्हतं.

हरिदासजींनी त्या मापाचा पाना जाड लोखंडी पट्टीतून कापून, कानशीने घासून बनवला. वाटीवर चढवला, उजवीकडे फिरवला. वाटी हलली नाही. जोर लावला, तरी हलली नाही. मग ते गंज सोडवायला नत्थूजींकडून डिझेल आणायला गेले, आणि तिथून आमच्या गल्लीचा खरा हंगाम सुरू झाला.

डिझेल पाजून झालं. उकळतं पाणी ओतून झालं. स्टेशन रोडवरचा सायकलवाला मुकेश आला. तो हरिदासजींचाच विद्यार्थी.

"सर, उजवीकडची वाटी हाय. उलटी राह्यते," तो अदबीने म्हणाला.

"मलेच शिकवतो काय बे? तुले कोनं शिकवलं हे?"

"तुमीच, सर."

गुरुशिष्यांचं एकमत झालं आणि दोघांनी मिळून उजवीकडे ओढलं. मग नत्थूजींनी ट्रॅक्टरच्या जॅकचा पाइप आणला. तो पान्यावर चढवून आम्ही तिघेचौघे लोंबकळलो. माझ्या वजनाची आजवर टिंगलच झाली होती. या कामी त्याला पहिल्यांदा मान मिळाला. मला पाइपच्या टोकावर बसवण्यात आलं. पुण्याहून त्यांच्या मुलीचा, मयुरीचा फोन आला, "बाबा, मोबाईलवर पाहा ना एकदा, या सायकलचे आटे कसे असतात ते." हरिदासजी कडाडले, "आट्यांसाठी मी मोबाईल पाहू? उद्या भाकर कशी चावाची, तेबी त्यालेच विचारजो!" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी मनात म्हणालो. पण पाइपवर बसलेला माणूस दुसऱ्याला काय हसणार?

आणि रोज चहा. इतका चहा त्या घरात आम्हाला कधी मिळाला नव्हता. पंचफुलाबाई स्वतः ट्रे घेऊन यायच्या, कधी सोबत चिवडा असायचा. "लावा जोर, मास्तर," म्हणायच्या, "आज निघते पाहा." आम्हाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दसरा जवळ आला. येणारे कंटाळले, पाइप नत्थूजींच्या घरी परत गेला. हरिदासजी गप्प झाले. आट्यांवर बोलेनात, कुणाची चूक काढेनात. मी मुद्दाम त्यांच्यासमोर स्क्रू चुकीच्या पेचकसाने पिळला, तरी काही म्हणाले नाहीत. मला खरंच वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या बढाईला वैतागलो, त्याची बढाई बंद झाल्यावर गल्ली सुनी वाटू लागली.

दीक्षाभूमीला जायच्या आदल्या दिवशी सकाळी पंचफुलाबाईंनी मला हाक मारली. खोलीत गेलो तर तिन्ही सायकली खाली उतरवलेल्या. दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन येणार होता. हरिदासजींनी स्वतःच निरोप धाडला होता. आणि ते जमिनीवर बसून त्या फ्रेंच पोराच्या मोटोबेकानच्या साखळीला तेल देत होते. एकेका कडीला एकेक थेंब, आणि वर फडकं.

"भंगारात जाऊन राह्यली ना ते?" पंचफुलाबाई दारातून म्हणाल्या. "तेल कायले देता मग?"

"कोरडी कशी पाठवू?" ते मान वर न करता म्हणाले.

पंचफुलाबाई जिंकल्या होत्या. खोली त्यांची झाली होती. भिंतीला टेकून त्या थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "मास्तर, नत्थूजीले बोलवा. पाइप घेऊन या म्हना."

"आता कायले?" हरिदासजी म्हणाले.

"पाना लावा तुमी."

पाना लागला, पाइप चढला. आम्ही सवयीने उजवीकडे सरकलो. "तिकडून नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "इकडून. डावीकडं."

"तिकडून घट्ट होते ते," हरिदासजी म्हणाले. "उजवी वाटी हाय. उलटे आटे—"

"तुमी डिझेल आनाले गेलते ना पहिल्या दिवशी? पाना वाटीवरच लटकून होता. मी लोनच्याच्या बरनीवानी फिरवून पाह्यला. सटकन फिरली वाटी."

नत्थूजींनी पाइपवरचा हात काढून घेतला.

"मग?" हरिदासजींनी विचारलं.

"मग काय! पुन्हा घट्ट करून ठेवली. मले खोली पाह्यजे होती."

म्हणजे त्या प्यूजोच्या वाटीचे आटे सरळ होते. बरणीच्या झाकणासारखे, नळाच्या तोटीसारखे, कुठल्याही शेंबड्या पोराला उघडता येतील असे. ज्याला सायकलमधलं काही कळत नाही त्याने ती पहिल्या फटक्यात काढली असती. आम्ही जाणकारांनी मात्र महिनाभर, डिझेल पाजून, पाइप लावून, माझं सगळं वजन खर्ची घालून ती घट्ट केली होती.

त्यामुळे आता ती बरणीसारखी उघडायचा प्रश्नच नव्हता. मुकेशला दुकानातून बोलवावं लागलं. मी पुन्हा टोकावर बसलो, पण या वेळी डाव्या बाजूला. पंचफुलाबाईंनी स्वतः पाइपला हात घातला, हरिदासजींच्या हाताशेजारी. कडकन आवाज झाला, मी जमिनीवर, नत्थूजी माझ्यावर, आणि वाटी सुटली.

हरिदासजी ती वाटी हातात घेऊन आटे पाहत बसले. बोट फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

"इतके दिवस काऊन नाई सांगतलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं खोली गेली असती माही."

"मग आज काऊन सांगतलं?"

"तुमचं तोंड पाहवेना," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्यांनाच रडू आलं. "मशीन काय, मागच्या खोलीतबी चालते."

भंगारवाला आला तेव्हा हरिदासजींनी त्याला हात जोडले, पोटभर चहा पाजला आणि रिकामी गाडी घेऊन परत पाठवला. मग कुणी न सांगता त्यांनी समोरच्या खोलीतले आढ्याचे हुक काढले आणि झोपायच्या खोलीत ठोकले. शिवणाची मशीन उचलून उजेडाला, खिडकीपाशी ठेवली. संध्याकाळी प्यूजो जुळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले.

पंचफुलाबाई आणि मी रेल्वेने गेलो. दीक्षाभूमीवर माणसांचा नुसता पूर होता. आम्ही ठरलेल्या झाडाखाली डबा उघडला आणि बऱ्याच वेळाने पांढरी प्यूजो हाताने ढकलत, घामाने निथळत हरिदासजी आले. एवढ्या गर्दीतही सायकल पाहायला चार माणसं जमली. एका तरुणाने विचारलं, "काका, कुठली सायकल हो? दुरुस्त कोनी केली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि त्याचं उत्तरही मला पाठ आहे. ते लेथपासून सुरू होतं आणि अर्ध्या तासाने संपतं. मी डब्यातली भाकर हातात घेऊन तयारीने बसलो.

"हिनं," हरिदासजी म्हणाले आणि पंचफुलाबाईंकडे बोट दाखवलं. "वाटी हिनं उघडली. मी फिटरचा मास्तर, महिनाभर उलटी फिरवून राह्यलो होतो."

"चुप राहा ना, लोकं पाहून राह्यले," पंचफुलाबाईंनी त्यांची बाही ओढली. पण तोवर आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली होती, आणि हरिदासजींनी त्यांना बोलावून पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.