‘का’च्या बाई

आमच्या विज्ञानाच्या बाईंना बरोबर उत्तरही पुरत नसे. उत्तर दिलं की त्या चष्मा वर सारून विचारत, “पण का?” म्हणून साऱ्या शाळेत त्या ‘का’च्या बाई. “देवाची करणी असं पेपरात लिहिलंत तर मार्क देणार नाही,” असं त्या पहिल्याच तासाला बजावत.

एकदा त्यांनी विचारलं, भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे का जाते? आम्ही देवबागची, खाडीकाठची मुलं. भरतीची वेळ आम्हाला तोंडपाठ, कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मी खाडीत खुणा केलेला बांबू रोवला आणि चार महिने पाण्याची उंची, वेळ, चंद्राची तिथी वहीत लिहीत राहिले. बाईंनी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती वही पहिल्या पानापासून वाचली. म्हणाल्या, “हे मी शिकवलेलं नाही. हे तुझं आहे.”

नोकरी, पगार यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. कुणीतरी माझी वही नीट वाचली, एवढ्यावरच मी ठरवलं की विज्ञान शिकायचं.

मॅट्रिकचा निकाल लागल्यावर बाई कोल्हापूरच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन वाळू तुडवत आमच्या घरी आल्या. बाबा जाळं विणत होते. म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आसा, माका कळता. पण हिची आवस अंथरुणाक लागली. धाकट्यांका कोण बघतलो?”

“एक वर्ष थांबू. पण पाठवाल ना?”

“पाठवतंय.”

वर्षभरात आई गेली. बाई दुसरा फॉर्म घेऊन आल्या तेव्हा बाबा जाळं विणतच राहिले. धाकटा भाऊ माझा पदर धरून उभा होता. मीच म्हटलं, “बाई, आता नको.”

त्यांना पोचवायला मी होडीच्या धक्क्यापर्यंत गेले. होडीत पाय ठेवताना त्या म्हणाल्या, “चुकलं माझं. तुला ही गोडी लावायला नको होती.” त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मला सांगायचं होतं. मी नुसता होडीचा दोर सोडून दिला.

पुढे बाई सावंतवाडीच्या शाळेत गेल्या. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी लग्न होऊन आमच्या शेजारी आली. मासे निवडताना मी तिच्याकडे बाईंची चौकशी केली.

“बरां शिकवीत,” ती म्हणाली. “आमच्या वर्गातल्या मुलींत एक चेडू खूप हुशार होतां. तेणां कॉलेजाचो फॉर्म मागलो, तर बाई म्हणाल्यो, आधी घराकडे विचारून ये.”

“मगे?”

“मगे काय? तां परत इलांच नाय.”