तसं होत नाही हो

शालनताईंच्या गळ्यात कायम मापाची टेप लटकलेली असे. त्या शिंपीण नव्हत्या. एचआयव्हीच्या एका संशोधन केंद्रात आम्ही दोघी समुपदेशक होतो. केंद्राची बाई घरी आली एवढं कळलं तरी गल्लीत बोभाटा होई, म्हणून ती टेप. ‘नाटक करायचं तर नीट करावं,’ म्हणत त्या खरोखर मापं घेत आणि हडपसरच्या आपल्या दोन खोल्यांत बसून ब्लाऊज शिवूनही देत. मी एकदा म्हटलं, ‘ताई, मलाही एखादा शिवा की.’ म्हणाल्या, ‘तुझा नवरा निरोगी आहे. दुकानात जा.’

आमच्या अभ्यासात नवऱ्याला लागण असलेल्या, पण स्वतः निरोगी असलेल्या बायका होत्या. त्यांना लागण होऊ नये म्हणून दर दोन महिन्यांनी इंजेक्शन. निधी परदेशातला, बायका इथल्या. संमतीपत्र ताई ओळ न् ओळ वाचून दाखवत. ‘अभ्यास केव्हाही बंद होऊ शकतो’ हे वाक्य आलं की समोरची दचके. मग ताई तिच्या हातावर हात ठेवून म्हणत, ‘पण तसं होत नाही हो.’ हे कागदावर नव्हतं. साक्षीदार म्हणून शेजारी मी सही करत असे, आणि मलाही ते ऐकून बरं वाटे.

एका सकाळी पत्र आलं. तिकडचा निधी थांबला, अभ्यास आजपासून बंद. ‘सगळ्यांना कळवा,’ असं सांगून साहेब मीटिंगला गेले.

मांजरी गावात राहणाऱ्या, अभ्यासातल्या मंगलकडे आम्ही दोघी गेलो. तिचा नवरा आपल्या गोळ्या मनाला येईल तेव्हा घेई आणि निरोध वापरायला साफ नकार देई. इंजेक्शनचाच काय तो तिला आधार होता. बाहेर सासू मटार सोलत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

‘ह्या शिंपीणबाईला दुकान न्हाई का? सारखी घरीच येती,’ ती म्हणाली.

‘दुकानात तुमच्या हातचा चहा कुठे मिळतो?’ ताई म्हणाल्या. त्या घरात आम्हाला चहा कधीच मिळाला नव्हता.

आतल्या खोलीत ताईंनी मंगलच्या दंडाला टेप गुंडाळली आणि हळूच सांगितलं, ‘इंजेक्शन बंद झालं. अभ्यासच बंद झाला.’

मंगल हात वर धरून तशीच उभी राहिली. ‘तुम्ही तर म्हणला होता, तसं होत न्हाई,’ ती कुजबुजली. मग सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘बाही जरा सैल ठेवा, ताई.’

‘किती सैल?’ ताईंनी विचारलं, आणि माप लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये ताईंनी दोघींची तिकिटं काढली. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं फक्त कळत होतं.

ताई पुढेही मंगलला सरकारी दवाखान्यात तपासणीला नेत राहिल्या. दुसऱ्या तपासणीत लागण निघाली. भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी मला ते सांगितलं. ब्लाऊज केव्हाच शिवून दिला होता. नोकरी सोडताना टेप माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘ते वाक्य वाचलं की थांबायचं. पुढे आपलं काही घालायचं नाही. समोरची घाबरली तर घाबरू दे.’

आता दुसऱ्या अभ्यासाची संमतीपत्रं मी वाचते. परवा ते वाक्य आलं आणि समोरच्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘खरंच बंद होईल का हो?’

‘होऊ शकतो,’ मी म्हटलं, आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

तिने पेन खाली ठेवलं, पदर सावरला आणि सही न करता निघून गेली. तिच्याही नवऱ्याला लागण आहे.