वरची चिमूट

आज वाण्याने जिरं तोललं, सवयीने वर चिमूटभर टाकलं, आणि मला कुवेतचं वाळवंट आठवलं.

तेव्हा मी रत्नागिरीहून नवाच गेलो होतो. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, शिकारीसाठी नवी रायफल घेतली होती. काडतुसं घरीच भरायची. अब्बांच्या किराणा दुकानात माझा हात तराजूवर बसलेला, म्हणून बंदुकीची दारू तोलायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच शिकारीला समोर मोठ्या शिंगांचं हरीण उभं होतं. अरबाब वाळूत पालथा, गाल रायफलीला टेकलेला. बंदुकीच्या तापलेल्या तेलाचा वास येत होता. शेजारी पडल्या पडल्या माझी बोटं चिमटीचा चाळा करत होती. तिकडे लक्ष गेलं आणि एकदम आठवलं. प्रत्येक काडतुसात, माप झाल्यावर, मी वर चिमूटभर दारू टाकली होती.

“अरबाब, मत चलाओ,” मी ओरडलो. हरीण उधळलं.

“क्यों?”

“दारू ज्यादा है, बंदूक मुँह पर फट जाएगी. हमारे यहाँ गाहक को थोडा ऊपर से देते हैं.”

त्याने काडतूस काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

तेव्हा मला धास्ती होती ती फक्त नोकरीची. पोलादाला टेकलेला त्याचा गाल मला आज दिसला. वाण्याला मी वरची चिमूट परत काढायला लावली.