सर्व्हेवाले आले!

आमच्या एम.ए.च्या वर्गाचे किस्से वेळच्या वेळी लिहून ठेवले नाहीत, हे चुकलंच. आता आम्ही चौघं भेटलो की जो तो आपापली आवृत्ती सांगतो, आणि प्रत्येक आवृत्तीत सांगणारा तेवढा शहाणा असतो! म्हणून म्हटलं, एकदाचं मीच लिहून टाकावं. निदान इथे तरी शहाणी मी ठरेन.

यवतमाळला आम्ही अप्लाइड इकॉनॉमिक्स करत होतो. बाभुळगावचा गजानन, वणीचा रफिक, फुलसावंगीची वैशाली आणि शहरातलीच मी, मंजू. शिकवायला ढोमणे सर. कापसाची ती फार वाईट वर्षं होती, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. दिल्ली-मुंबईच्या गाड्या धूळ उडवत गावोगाव फिरायच्या आणि त्यांच्या मागून एसटीने आम्ही.

सर एकदा उत्साहाने म्हणाले, "अरे, जगभरातून लोक इथे अभ्यासाला येताहेत. तुम्हाला तर हे सगळं घरबसल्या मिळालंय!"

गजाननच्या घरचा स्वतःचा कापूस होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, मले मिळालेलं तुमी घेऊन जा नं."

सरांनी त्या दिवशी तास लवकर सोडला.

*

पहिला सर्व्हे बाभुळगावजवळच्या एका गावात. ओसरीवर बसलेल्या आजोबांनी आम्हाला पाहताच विचारलं, "राज्याचे का केंद्राचे?"

"कॉलेजचे," मी म्हटलं.

आजोबांनी आत आवाज दिला, "खुर्च्या राहू दे वं! सतरंजी आन!"

नंतर कळलं, गावाने हे ठरवूनच टाकलं होतं. समिती आली तर खुर्च्या, पेपरवाले आले तर बाज आणि कॉलेजवाल्यांना सतरंजी. आम्ही आपले मांडी घालून बसलो. मी प्रश्नावली काढली, घसा खाकरला, आणि पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात आजोबांनीच सुरुवात केली.

"घे लिहून पोरी. पयल्याचं उत्तर कोरडवाहू. दुसऱ्याचं, नाही. तिसऱ्याचंबी नाही. चौथा प्रश्न कर्जाचा, सारेच इचारते, पन उत्तर आयकाच्या आधीच पान पलटवते!"

मी चौथ्याचं उत्तर पूर्ण ऐकलं. चहा दोनदा आला, इतकं ते लांबलं.

*

ढोमणे सरांचा आवडता विषय म्हणजे बुडीत खर्च. जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेताना त्याचा विचार करायचा नाही, हे ते इतक्या तळमळीने सांगायचे की रफिकने त्याच आठवड्यात न आवडलेला सिनेमा इंटरव्हलला सोडला आणि वर्गात येऊन कॉलर ताठ केली.

सरांची स्कूटर मात्र रोज बंद पडायची. रोज आम्ही धक्का मारायचा. एकदा भर उन्हात धक्का मारता मारता रफिकने विचारलंच, "सर, हिच्यावर जो खर्च झाला तो बुडीतच ना? मग विकून का नाही टाकत?"

सर हँडल धरून थांबले. म्हणाले, "थिअरी बरोबर आहे. पण स्कूटर सासऱ्यांनी दिली आहे, आणि तुमच्या बाई अर्थशास्त्राच्या नाहीत. मारा धक्का!"

*

लोडशेडिंग सांभाळून कॉम्प्युटरवर बसावं लागायचं. रफिकने एका दुपारी सगळ्या सर्व्हेचा डेटा भरला, लाइट जायच्या आत घाईघाईने रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशाशी संबंध ते काढायचं गणित, चालवलं आणि ओरडतच बाहेर आला. घरात शिक्षण जितकं जास्त, तितकं उत्पन्न कमी!

सर हादरले. "असं कसं येईल? चिन्ह उलटं पडलं असेल. पुन्हा तपासा."

पुन्हा तपासलं. तेच आलं.

गजानन स्क्रीनकडे बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "काहून तपासून राह्यले भाऊ? बराबर हाय. मोठा भाऊ बी.एड., मधला बी.कॉम., मी हा असा. आमचंच घर आलं ते!"

आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. मग लाइट गेली आणि आम्ही अंधारातच बसून राहिलो, कारण बाहेर जाऊन तरी काय करणार!

*

आता वैशालीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या चौघांत डिग्रीची खरी गरज तिलाच होती. तिचे वडील फुलसावंगीला शिलाईकाम करायचे. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "चांगलं स्थळ येईपर्यंत शीक. स्थळ आलं का मंग माह्या हातात नाही." म्हणजे आम्ही परीक्षेच्या तारखेची वाट पाहायचो आणि ती स्थळ न येण्याची! तिला प्राध्यापक व्हायचं होतं. एसटीच्या खिडकीत बसून ती हळू आवाजात लेक्चर द्यायची. कंडक्टर तिला घाबरून असायचा.

तिचा प्रबंध कापूस वेचणाऱ्या बायांवर. अडचण एकच, बायांना प्रश्न विचारला की उत्तर पुरुष द्यायचे. एका घरी तिने फार युक्तीने प्रश्न निवडला, जो दुसऱ्या कुणाला सांगताच येणार नाही असा.

"मावशी, दिवसभर वाकून वेचता, पाठ दुखते का?"

मावशींनी तोंड उघडलं. बाजेवरून मालक म्हणाले, "नाही दुखत."

*

आणि परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना स्थळ आलंच. वैशालीचा निरोप आला, "मंजू, तू ये. एकटी असली तं मी रडीन." मी पहिल्या गाडीने फुलसावंगीला गेले.

पाहुण्यांशी जयभीम झाला. पोहे आले. मुलाला नोकरी होती, घरी शेती होती, नाव ठेवायला जागा नव्हती. वैशालीच्या बाबांनी भीत भीत परीक्षेचा विषय काढला. मुलाचे वडील हसले, "लग्न या महिन्यात उरकून टाकू. परीक्षा काय, मंगबी देता येते!" सगळे हसले. वैशाली हसली नाही. ते 'मंग' कधी येत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

मग मुलाच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, "हे अप्लाइड मंजे काय असते बाई?"

वैशाली समजावून सांगायला गेली आणि सवयीने सर्व्हेच सुरू झाला. "आता समजा, तुमच्याकडे कापूस किती?"

"सात एकर."

"वेचणी कोण करते?"

"मजूर लावतो आमी."

"कोनते मजूर?"

हा आवाज दाराजवळून आला. मुलाची आई. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. हातात पोह्यांची बशी तशीच. "मीच तं वेचतो सारा. मी अन् माही जाऊ."

"तू गप राय नं," मुलाचे वडील म्हणाले.

पण वैशाली विसरली होती की आज तिला पाहायला आले आहेत. ती उठली, पुरुषांकडे पाठ करून त्या बाईंच्या समोर जाऊन बसली. "मावशी, सकाळपासून सांगा."

आणि मावशी सकाळपासून सांगू लागल्या. चूल, पाणी, डोक्यावर डबा, पायी शेत, कमरेला बांधलेली ओटी, वाळलेल्या बोंडांनी फाटलेली बोटं. त्यांनी बोटं पुढे केली. वैशालीने ती हातात घेऊन पाहिली. मुलगा बशीकडे बघत बसला होता. मला वाटतं, आईचा दिवस कसा असतो ते त्यालाही तेव्हाच कळत होतं.

"चाल आता, गाडी निंगून जाईन," मुलाचे वडील उठले.

"जाऊ द्या. दुसरी हाय," मावशी म्हणाल्या आणि पुढे सांगत राहिल्या.

सगळं सांगून झाल्यावर त्या उठल्या. थंड झालेले पोहे उभ्यानेच संपवले, पदर सारखा केला आणि सरळ वैशालीच्या बाबांसमोर गेल्या.

"दादा, पोरगी लय गुनाची हाय तुमची. परीक्षा देऊ द्या तिले. आमच्या घरात नका देऊ."