ओढ्याजवळचा खड्डा

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण बेंबळीकडून आमच्या गावाला येणाऱ्या रस्त्याला ते कुणी कळवलं नसावं. ओढ्याजवळच्या खड्ड्यात संक्रांतीपर्यंत पाणी असायचं.

त्या मार्गशीर्षात मला बघायला धाराशिवहून पाहुणे यायचे होते. मुलगा सरकारी नोकरीत, एवढंच आम्हाला ठाऊक. मोटार नेहमी दोन तास उशिरा यायची, म्हणून मी आणि आत्या निवांत रानात हरभऱ्याची भाजी खुडत होतो. नेमकी त्या दिवशी मोटार वेळेवर आली आणि खड्ड्यात बसली.

मोटार बसली की आसपासच्या रानातल्या माणसांनी धावायचं, ही आमच्याकडची रीतच. मी चाकाखाली घालायला दगड आणू लागले. पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण कडेला उभा होता. आत्या त्याला म्हणाली, "पावणं, नुसतं बघता काय? लावा की हात."

त्यानं चपला काढल्या आणि गुडघाभर चिखलात उतरला. ढकलता ढकलता त्यानं मला विचारलं, "हा खड्डा कधीपासून आहे?"

"मला कळतंय तवापासनं," मी म्हणाले.

आत्याला तेवढंच निमित्त पुरलं. "ह्या रस्त्याचा सायब एकदा घावला पायजे. त्यालाच ह्यात बसवते."

तो हळूच म्हणाला, "बसलोय की, मावशी. इथला ओव्हरसियर मीच. गेल्या महिन्यातच आलोय."

आत्या वाकून चाकाखालचा दगड उगाच नीट करू लागली. तेवढ्यात दगडावर बसलेल्या त्याच्या आईनं आमच्या घराचा पत्ता विचारला, आणि मी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. तोंडाला चिखल लागला तो वेगळाच.

घरी मी लुगडं बदलून पोहे घेऊन गेले. त्याची आई म्हणाली, "आता आणि काय बघायचं? दगड उचलताना बघितली की. लई कामाची हाय."

माझ्या वडिलांनीही फार आढेवेढे घेतले नाहीत. जावई रस्त्याचा, म्हणजे रस्ता होणारच, असा त्यांचा हिशेब.

लग्नाआधी खड्ड्यात मुरूम पडला, वऱ्हाड बिनधक्क्याचं आलं. पुढच्या पावसाळ्यात मुरूम ओढ्यानं नेला आणि खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा झाला. आम्ही दिवाळीला माहेरी निघालो की मोटार तिथं बसायचीच. माझा भाऊ आधीच येऊन थांबलेला असायचा. "दाजी, उतरा," तो म्हणायचा, "तुमच्या खात्याचं काम हाय."

"खडी मागितली आहे," असं म्हणत हे पँट दुमडायचे.

तीन-चार वर्षांनी यांची येरमाळ्याकडं बदली झाली. नवा ओव्हरसियर बिनलग्नाचा आहे हे कळताच आत्या गावातल्या उपवर पोरींची चौकशी करू लागली. पण तो सायकलवरून यायचा आणि खड्ड्याच्या कडेकडेनं निघून जायचा.