दसरा, पक्कड आणि सीलबंद इंजिन

शनिवार, ४ ऑक्टोबर. दुपारी बारा वाजता मी फ्रीज पुसायला काढला आणि तीन वाजता आमच्या घरच्या इंजिनावर बंदी आली. दोन्ही कामं माझीच.

इंजिन तसं माझा नवरा अविनाश आणि मुलगी सई यांचं. सई ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल शिकते, आम्ही दोघं तिथून दोनेक तासांवर टूवूंबात. ती गेली आणि घर इतकं स्वच्छ राहायला लागलं की मला करमेना! सोफ्यावर ओला टॉवेल नाही, सिंकमध्ये कप नाही. फोन केला की, "आई, आय ॲम इन अ लेक्चर." संध्याकाळी सात वाजता? (हे मी विचारत नसे. विचारलं की पुढचा फोन आठवड्यानं येई.)

मग अविनाशनं कुठूनतरी एक पोचे पडलेली गाडी आणली. स्पीडवेवर, मातीच्या ट्रॅकवर गोल गोल पळवायची. मुलगी चालवणार, बाप पाने फिरवणार. आणि काय सांगू, मुलगी दर दुसऱ्या शनिवारी घरी! माझ्या पुरणपोळ्यांना जे जमलं नाही ते त्या तेलकट लोखंडानं केलं. मला रेसमधलं काही कळत नाही. पण इंजिन चालू तर सई घरी, इंजिन बंद तर सई लेक्चरमध्ये, एवढं मला चोख कळलं होतं.

म्हणूनच गुरुवारी दसऱ्याला मी त्या इंजिनाची पूजा करायची ठरवली. अविनाश कामावर गेला होता. मी हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलला आहे, त्यामुळे पूजेआधी पुसणं आलंच. डिग्रीझर, तीन फडकी, जुना टूथब्रश. सगळं लख्ख झालं. फक्त एका कोपऱ्यात दोन बोल्टांतून ओवलेली एक बारीक तार, आणि तिला लोंबणारा मळकट शिशाचा तुकडा. फडकं सारखं तिथेच अडकत होतं. दुकानातून आलेल्या वस्तूचं लेबल लोक वर्षानुवर्षं तसंच ठेवतात, मला नाही चालत. पक्कड घेतली, कट्कन तोडली, कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली. बिनवाला शुक्रवारी घेऊनही गेला. तार होती तिथे मी अंगणातल्या झेंडूचा हार बांधला. हळद, कुंकू, अक्षता. इतकं देखणं इंजिन अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये नसेल!

शनिवारी रेसआधी गाड्या तपासणाऱ्या टेरीनं बॉनेट उघडलं. टेरी सत्तरीचा, भला माणूस. त्यानं बोटानं एक दाणा उचलला.

"हे पांढरं काय आहे, मेट?"

"तांदूळ," अविनाश म्हणाला.

"आणि हे लाल?"

"कुंकू. फॉर गुड लक."

"ठीक. आणि सील कुठाय?"

अविनाश वाकला. सई वाकली. मीही वाकले. (तोपर्यंत मला सील म्हणजे समुद्रातला प्राणी एवढंच ठाऊक होतं.)

टेरीनं मला समजावलं. पूर्वी जो तो हवं ते इंजिन घेऊन यायचा. एकानं राक्षसासारखं इंजिन बसवलं, दर शनिवारी तोच पहिला. बाकीचे यायचेच बंद झाले. त्या इंजिनावर बंदी आली. मग दुसऱ्यानं बाहेरून साधं दिसणारं इंजिन आतून कोरून मोठं केलं. म्हणून आता सगळ्यांना एकसारखं इंजिन, आणि कुणी उघडू नये म्हणून तारेचं सील.

"सील तुटलं, लव्ह, की आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक."

देवाला ठाऊक होतंच, मी परवाच त्याला बोलावलं होतं!

सई बापाकडे वळली. "बाबा! तू उघडलंस? डिड यू चीट?"

"अगं, मी हात नाही लावला!"

"मग सील काय आपोआप गेलं?"

अविनाशचा चेहरा पडला. पोरीनं आपल्याला लबाड म्हणावं, तेही चारचौघांत! खरं बोलले तर इंजिन माझ्यामुळे गेलं, आणि इंजिनाबरोबर माझे शनिवार. शेवटी त्याच्याकडे बघवेना.

"मी तोडली ती तार. पक्कडीनं. पूजेआधी पुसताना आड येत होती."

टेरीनं टोपी काढली. "तीस वर्षं हे काम करतोय. कुत्र्यानं सील खाल्लं, सासूनं तोडलं, सगळं ऐकलंय. देवासाठी साफसफाई पहिल्यांदाच!" मग टोपी घातली आणि रजिस्टरात लिहिलं: बंदी. इंजिन पूर्ण सुटं करून आतली मापं दाखवा, मगच नवं सील.

आम्ही गाडीत बसून घरी निघालो. मी मनात कॅलेंडर उलटत होते. शनिवारमागून शनिवार, सगळे स्वच्छ.

"सॉरी, बाबा," मागून सई म्हणाली. मग, "आई, यू आर अनबिलिव्हेबल."

"हो."

"सगळं इंजिन खोलायला लागणार. एकट्या बाबाला नाही जमणार ते. सोमवारपर्यंत सुट्टी आहे माझी, पण तेवढ्यात नाही व्हायचं. मला दर वीकेंडला यायला लागेल."

"दर?"

"सगळं खोलून, पुसून, मापं घेईपर्यंत. व्हाय आर यू स्माइलिंग?"

"छे! ऊन डोळ्यावर येतंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गॅरेजमध्ये इंजिनाचे पहिले तुकडे मांडून झाले. सईनं माझ्यापुढे बोल्टांचा ढीग ठेवला. "तू एवढे पूस. तुला पाच मिनिटांचं काम." खरंच होतं, मी अख्खं ऑपरेशन थिएटर वीस मिनिटांत चकाचक करून घेणारी बाई. दुपारच्या जेवणापर्यंत माझे चार बोल्ट झाले होते. मग दोघांचं लक्ष नाही असं बघून मी त्यातले दोन परत तेलात बुडवले.